आजोबांची हॅट कोणती?

पुण्याहून शिरूरची एसटी पकडली तेव्हा पिशवीत भिंग, मऊ ब्रश आणि दोन चपात्या होत्या. जुन्या फेल्टच्या (दाबून घट्ट केलेल्या लोकरीच्या किंवा केसांच्या) हॅट पारखण्याचं मला वेड आहे. बायको म्हणते, डोक्यावर केस नाहीत आणि टोप्यांचे लाड बघा!

बोलावणं शिरूरच्या आप्पांचं होतं. त्यांच्या घरचा नवरदेव परण्या (लग्नाआधी मारुतीच्या दर्शनाला) निघतो तो फेटा नव्हे, आप्पांच्या आजोबांची हॅट घालून. आजोबा दौंडला रेल्वेत होते, तिथल्या साहेबानं ती दिलेली. पण आता एक हॅट आप्पांकडे आणि एक खुटबावला त्यांच्या थोरल्या भावाकडे, आबांकडे, आणि दोघंही म्हणणार, माझीच खरी. दुसऱ्या दिवशी आप्पांच्या नातवाचं लग्न होतं. आबांनी निरोप धाडला होता, खोटी हॅट चढवलीत तर मी येणार नाही.

आप्पांनी डबा उघडला आणि मी हॅट हातात घेतली. सशाच्या केसांचं फेल्ट! दाबलं की उसळून वर येत होतं. पाण्याचा थेंब अळवाच्या पानावरून घरंगळावा तसा घरंगळला. आत रेशमी अस्तर, त्यावर विलायती कारखान्याचा सोनेरी शिक्का. आता 'हीच खरी' म्हणून ओरडणार, तोच नखाला काहीतरी लागलं. तेलाचे डाग पडू नयेत म्हणून शिक्क्यावर प्लॅस्टिक शिवलं होतं.

"आप्पा, आजोबा कधी वारले?"

"आमच्या जल्माच्या लई आधी."

"मग ही त्यांची नव्हे. तेव्हाच्या हॅटमध्ये प्लॅस्टिक नसायचं."

आप्पा मटकन बसले. "वडलांनी सोताच्या हातानं दिलती मला," एवढंच म्हणाले. मग डबा उचलून उठले. "चला, दादाची बी बघा."

आप्पांची जीप न्हावऱ्याकडून भीमेचा पूल ओलांडून उसातून निघाली. खुटबावला आबांनी आधी शेंगोळे (हुलग्याच्या पिठाचे, वळून रश्श्यात शिजवलेले) वाढले. "जेवा, मग न्याय करा."

त्यांची हॅट मेंढीच्या लोकरीची, खरखरीत. माझा पाण्याचा थेंब तिनं गपकन पिऊन टाकला.

"अवं, भिजवताय व्हय!" आबा ओरडले.

पण अस्तर सुती, प्लॅस्टिकचा पत्ता नाही, कडा हातानं शिवलेल्या. माल साधा, पण जुनी हीच. आबांनी मिशीला पीळ दिला. आप्पा खाली बघत राहिले, आणि मला फार वाईट वाटलं.

कारखान्याचं नाव सापडेल म्हणून मी आतली चामड्याची पट्टी उलटली. डोक्याला घट्ट बसावी म्हणून मागे हिरव्या काठाची चिंधी शिवली होती, गोणी शिवल्यासारख्या मोठ्या टाक्यांनी. मी घाईघाईनं आप्पांची हॅटही उलटली. तोच काठ, तेच टाके!

"हा तर वडलांच्या धोतराचा काठ, टाके बी त्यांचेच," आबा पुटपुटले.

"म्हंजी माझ्यासाठी मुद्दाम आणली व्हय?" आप्पांनी काठावरून बोट फिरवलं. "दोघांना एकेक असावी म्हणून?"

आबांनी आप्पांची हॅट कुरवाळली. "मला मेंढराची आन् ह्याला सशाची! धाकट्याचे लाडच लई!"

दुसऱ्या दिवशी आबांनी स्वतः नवरदेवाच्या डोक्यावर आजोबांची हॅट चढवली. सशाची त्यांच्याच डोक्यावर होती.

"दादा, दे की आता," आप्पा म्हणाले.

"इतकी वर्षं तू घातलीस. आज मला घालू दे."

आप्पांनी पुढे होऊन ती भावाच्या डोक्यावर नीट बसवली.

परतीच्या एसटीत आठवलं, आबांच्या हॅटचा कारखाना कोणता ते राहूनच गेलं. ते टाके दिसल्यावर मी नाव शोधायचंच विसरलो होतो.