आधी वेणी, मग रंग

रंगमास्तरांनी जन्मात कुणावर सूड उगवला नव्हता. वेळच कुठे होता! सूत रंगवायच्या कारखान्यात वीस वर्षं मालकाला हवी ती छटा ते काढून देत. प्रमाण कागदावर नाही, सगळं डोक्यात. मुलगी झाली त्या दिवशी सुट्टी मागितली, तर मालक म्हणाला, "मूल काय, उद्याही दिसेल. आधी रंग काढा." पोरीचं तोंड त्यांनी तिसऱ्या दिवशी बघितलं. ते मास्तर विसरतात होय!

आता यकृत गेलं. फार तर चार महिने, असं डॉक्टर म्हणाले. मास्तर घरी बसले आणि ठरवलं, यापुढे घाई नाही. चहा फुंकत फुंकत प्यायचा, बायकोबरोबर शेंगा सोलायच्या, बारा वर्षांच्या पोरीची वेणी स्वतः घालायची.

अशात मालकच दारात आला. मोठ्या गिऱ्हाइकाला जुना निळा हवा होता आणि तो कुणाला साधेना.

"मास्तर, प्रमाण तेवढं सांगा हो."

"रंग काय, उद्याही निघेल. आधी वेणी होऊ दे."

वेणी झाल्यावर म्हणाले, "दमलो. उद्या या." दुसऱ्या दिवशी शेंगा, तिसऱ्या दिवशी चहा. मालक खुर्चीच्या टोकावर घाम पुसत बसायचा. बस मेल्या, बस! मास्तरांच्या काळजाला काय गारवा वाटायचा म्हणून सांगू!

चौथ्या दिवशी मालकाला उशीर झाला. मास्तर वेणी घालत होते, कान मात्र फाटकाकडे.

"बाबा, तीनदा सोडलीस वेणी."

"नीट येत नाहीये गं."

"खोटं. तो आल्यावर घालायचीय तुला. माझी शाळा बुडतेय."

मास्तरांचा हात थांबला. या माणसाने पोरीचा पहिला दिवस खाल्ला, आणि उरलेले आपण स्वतःच्या हाताने त्याच्या पानात वाढतोय! तळपायाची आग मस्तकात गेली.

फाटक वाजताच ते दारात गेले आणि प्रमाण घडाघडा सांगून टाकलं.

"लिहून घेतलंत? आता ही पायरी पुन्हा चढू नका. माफ केलं म्हणून नाही सांगितलं. तुमच्यावर घालवायला माझ्याकडे दिवस नाहीत."

दार आपटून ते वळले. पोरीने केस स्वतःच रबरात बांधले होते आणि दप्तर उचललं होतं.

"उद्या घाल," ती म्हणाली आणि धावत सुटली.

आजची वेणी गेली ती गेलीच. तीही त्याच मेल्याने नेली.