दारातलं निळं पिंप

पेणकरपाड्यातला फ्लॅट बघायला गेलो तेव्हा बिल्डरने किचनमधला नळ सोडून दाखवला. धो धो पाणी! चाळीच्या नळावर जन्मभर भांडलेली माझी बायको तिथेच विरघळली. जिन्यात प्रत्येक दारापाशी निळं पिंप होतं. "केवढा पसारा करतात लोक," ती म्हणाली.

चाळीतली खोली विकून राहायला आलो आणि कळलं, बिल्डिंगला पाण्याचं कनेक्शनच नाही. टँकरवर सगळं, तोही येईल तेव्हा. त्या दिवशीचं धो धो पाणीही टँकरचंच. बिल्डर फोन उचलेना. घर घेणाऱ्यांनो, नळ कसले बघताय, शेजाऱ्यांची दारं बघा!

पुढे वरचा फ्लॅट बघायला एक जोडपं आलं. आमच्या पिंपाला वळसा घालताना त्या बाईने नाक मुरडलं. मी तोंड उघडणार, तोच बायकोने माझा हात दाबला.

"गप्प बसा. आपल्यालाही विकायचाय."