गाऱ्हाण्यात गेलेली वाट

तात्यांनी आम्हा गावकऱ्यांना फसवलं. भर सकाळी, रवळनाथाच्या देवळात, समया तेवत असताना आणि आमच्याच तोंडून होकार वदवून घेऊन फसवलं. हे मी आधीच लिहून टाकतो, कारण पुढे मला सुरंगीच्या वासाविषयी लिहायचं आहे, आणि त्या वासाविषयी लिहायला लागलं की माझा राग पातळ होतो. तो पातळ व्हावा अशी माझी इच्छा नाही.

शिमगा सरता सरता आमच्या व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठी सुरंगी फुलायची. तिची फुलं फांदीच्या अंगालाच चिकटून येतात. दुरून पाहणाऱ्याला झाड नुसतंच काळपट हिरवं दिसतं, पण वास मात्र माणूस पोचण्याआधीच वाटेवर येऊन उभा राहतो, आणि त्याच्यामागून मधमाश्यांचा सूर. वाडीतून निघून, माडांच्या बागेतून उतरत, व्हाळावरचा पोफळीच्या खोडांचा साकव ओलांडून, त्या सुरंगीच्या सावलीतून आणि पुढे खाडीच्या मेरेवरून, म्हणजे बांधावरून, बाजाराच्या तिठ्यापर्यंत जाणारी ही वाट होती. तिला नाव नव्हतं. पावसाळ्यात ती बेडकांची असे, थंडीत धुक्याची, आणि बाराही महिने आमच्या पायांची. चिखल बोटांच्या फटींतून वर येई, मेरेवर खाऱ्या वाऱ्याने पिंडऱ्या सुकत, आणि तिठ्याला पोचेपर्यंत माणसाचा श्वास असा मोकळा झालेला असे की बाजारात पहिला शब्द तो बोले तो चढ्या आवाजातच.

माझा संसार ह्याच वाटेने उभा राहिला. बाप लवकर गेला, जमीन नव्हती, आणि मी लोकांच्या बागांतले नारळ डोक्यावरून बाजारात नेऊन घासाघीस करत विकू लागलो. पुढे एक जुनी सायकल घेतली. तिच्या दोन्ही बाजूंना नारळांची पोती बांधून मी ती साकवावरून ढकलत नेई, आणि मेरेवर आलं की वर बसून घंटी वाजवत, वाऱ्याच्या उलट दिशेने दात-ओठ खात पाय मारी. पुढे कोकम आलं, सुपारी आली, तिठ्यावर दुकान आलं, आणि लोक मला 'शेट' म्हणू लागले. भाव करताना मी कुणालाच सोडत नाही, आणि माझं डोकं लवकर फिरतं, हे मालवणपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. मला ते लपवायचंही नाही. नारळ घेताना तो कानाशी हलवून आतल्या पाण्याचा आवाज ऐकल्याशिवाय मी कधी हो म्हटलेलं नाही.

जिल्हा रत्नागिरीपासून वेगळा झाला त्याच सुमारास माझ्या बायकोला, सुनंदाला, साखरेचं दुखणं निघालं. तिची तहान भागेना, पाय जड झाले, आणि दुपारी अंगणातल्या खळ्यात वाळवण घालता घालता ती मधेच बसून राही. मालवणच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, भात मोजून खायला सांगितलं, आणि मग चष्मा काढून म्हणाले, "वहिनी, ह्या गोळ्या निम्मं काम करतील. उरलेलं निम्मं तुमच्या पायांनी करायचं. रोज चाला. दम लागेपर्यंत नको, घाम येईपर्यंत."

सुनंदा चालायला लागली. पहिले काही दिवस ती एकटीच, लाजत, पदर डोक्यावरून घेऊन निघे, कारण कामाशिवाय नुसतं चालणारी बाई आमच्या वाडीने कधी पाहिली नव्हती. मग बाजारात मासे घेऊन जाणारी आवडूकाकी तिला म्हणाली, "गो, रिकाम्या हातान चलतंस ती लाजतंस कित्याक? माझी टोपली घे, मगे कोण इचारूचा नाय!" त्या दिवसापासून दोघी बरोबर निघू लागल्या, आणि हळूहळू वाडीतल्या आणखी बायका त्यांना येऊन मिळाल्या. कुणाचे गुडघे, कुणाचा दमा, कुणाची नुसती घरातली घुसमट. कुणी खंय जातास म्हणून विचारलं की त्या म्हणत, "सुरंगीक." झाड फुलाचं नसलं तरी सुरंगीकच. परतताना त्यांचं हसणं साकवाच्या अलीकडूनच ऐकू यायचं, आणि दुकान उघडायला निघालेला मी सायकल बाजूला घेऊन त्यांना वाट द्यायचो.

डॉक्टरांनी घरी तपासणी करायला एक काचनळी आणि निळं औषध दिलं होतं. ते औषध लघवीच्या थेंबांबरोबर उकळायचं. साखर नसेल तर निळं राहतं, वाढत गेली तर हिरवं, पिवळं, आणि शेवटी जांभ्या चिऱ्यासारखं तांबडं होतं. पहिल्या दिवशी ते तांबडं झालेलं मी पाहिलं होतं. चालण्याच्या त्या ऋतूत ते निळंच राहू लागलं, खाडीवर ऊन येण्याआधी पाण्याला जो रंग असतो तसं. सुनंदा नळी उजेडाकडे धरी आणि मला दाखवी. माझ्या सगळ्या घासाघिशीत इतका चोख सौदा मला कधी साधला नव्हता.

त्यानंतर गावात रस्ता आला. तो मलाही हवा होता, हे सांगून ठेवतो, म्हणजे कुणी मला जुन्याला कवटाळणारा समजणार नाही. सड्यावरून, वरच्या उघड्या कातळावरून, डांबरी रस्ता आला, एस.टी. आली, आजारी माणसाला डोलीतून न्यायचं थांबलं, माझी पोती दुकानाच्या दारात उतरू लागली. पहिली गाडी यायची त्या सकाळी सगळा गाव देवळात जमला. तात्या हे गावातले मोठे मानकरी. गाऱ्हाणं घालण्याचा मान त्यांच्या घराकडे. गाऱ्हाणं म्हणजे गावाच्या वतीने देवाशी मोठ्या आवाजात केलेलं बोलणं. मानकरी एकामागून एक मागणी मांडतो, आणि त्याच्या तोंडून 'रे म्हाराजा' आलं की जमलेला गाव एका आवाजात 'व्हय म्हाराजा' म्हणतो. लहानपणापासून आमच्या जिभेला ते इतकं वळणी पडलेलं असतं की शब्द कानात शिरण्याआधी होकार बाहेर पडतो. गाऱ्हाण्यात 'नाय' म्हणणारा माणूस आमच्याकडे अजून जन्मायचा आहे.

तात्यांचा आवाज भारदस्त. त्यांनी सुरुवात केली.

"बा देवा रवळनाथा! आज गावात रस्तो इलो, गाडी इली, ही तुझीच कृपा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या रस्त्यार कोणाच्या पायात काटो मोडू नये, गाडयेक अपघात होव नये रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"जो कोण आडवो येयत, तेका वाटेक लाव रे म्हाराजा!"

लोक हसले, आणि हसत हसतच "व्हय म्हाराजा" म्हणाले. सड्याच्या बाजूने गाडीचा भोंगा ऐकू येत होता, पोरं दाराकडे सरकत होती, आणि तात्यांचा वेग वाढला होता.

"आता रस्तो झालो, जुनी वाट गावान सोडल्यान हा, ज्येची जमीन त्येच्या पदरात घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

नारळ फुटला, पाणी उडालं, आणि आम्ही गाडी बघायला धावलो. माझा आवाज त्या होकारात होता. आवडूकाकीचा होता. बायकांच्या रांगेत उभ्या असलेल्या सुनंदाचाही होता.

साकवापलीकडची जमीन तात्यांची. पिढ्यान्‌पिढ्या गाव तिच्यावरून चालत होता, आणि तात्यांचे वाडवडील सुरंगीखाली बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांशी गप्पा मारत होते. पण तात्यांना तिथे हापूसची कलमं लावायची होती, आणि कलमांच्या मधून लोकांची ये-जा नको होती. भात कापून झाल्यावर एका सकाळी बायका साकवाजवळ पोचल्या तेव्हा पलीकडे छातीइतक्या उंचीचा चिऱ्यांचा गडगा उभा राहत होता. आवडूकाकी टोपली घेऊन तशीच माझ्या दुकानात आली आणि सगळ्या गिऱ्हाइकांदेखत म्हणाली, "शेटानू, नारळ तेवढो कानाकडे हालवन घेतास. तात्याचा गाराणा हालवन बघूक नाय तां?"

मला ते फार लागलं. मी तसाच तात्यांच्या घरी गेलो. ते ओटीवर सुपारी कातरत होते. मी म्हटलं, वाट मोडलीत ती कुणाला विचारून?

"गावाक इचारून," तात्या म्हणाले. "देवासमोर इचारलंय. तू सुद्धा व्हय म्हटलंस. मोठ्यान म्हटलंस."

मी सौदा मांडला. मी पुढे विकत घेतलेली बाग त्यांच्या हद्दीला लागून आहे. वाटेच्या रुंदीइतकी जमीन, हवी तर त्याहून जास्त, मी त्यांना कडेने देतो, त्यांनी गडगा आत घ्यावा, म्हणजे कलमंही राहतील आणि वाटही. मी आयुष्यात स्वतःच्या तोट्याचा सौदा मांडला तो एवढाच. तात्यांनी मान वर केली नाही.

"गाडी इल्यावर आता चलतलो कोण? तुझ्या बायलेकच चलाचा आसा तर तिच्याबरोबर रोज भांडान कर. रागान माहेराक जायत आणि रागान परत येयत. बरां चलणां होयत!"

ओटीवर बसलेले दोघे-तिघे हसले. मी तात्यांचा अडकित्ता उचलून अंगणात भिरकावला आणि तोंडाला येईल ते बोलून निघून आलो. गावाने नंतर अडकित्त्याचीच चर्चा जास्त केली. कचेरीत गेलो तर तिथले साहेब शुद्ध मराठीत म्हणाले, "वहिवाट म्हणजे वापर. गावाने वापर सोडला असं गावच सांगतं आहे, मग आम्ही काय करणार?" त्यांचंही चूक नव्हतं. आमची वाट कुणी बांधलेली नव्हती; रोजच्या पायांनीच ती होती तेवढी होती, आणि पाय थांबले तशी गडग्याच्या दोन्ही अंगांना तिच्यावर हरळी चढली.

रस्त्याने आम्हाला बाजार जवळ आणून दिला आणि अंग आमच्यापासून लांब नेलं. सडा उघडा, सावलीला एक झाड नाही, डांबराच्या कडेला पाय ठेवायला हातभर जागा नाही, आणि चिरे भरलेले ट्रक उतारावर भोंगा न वाजवता येतात. सायकली आधी घराच्या भिंतीला टेकल्या आणि मग तिथेच गंजल्या, माझीही. शाळेतली मुलं, जी पूर्वी मेरेवरून ओरडत पळत जायची, ती आता तिठ्याइतक्या अंतरासाठी गाडीची वाट पाहत धोंड्यावर बसून राहतात. मालवणचे डॉक्टर मला एकदा म्हणाले, "तुमच्या गावाला झालंय काय? पूर्वी तुमच्याकडची माणसं माझ्याकडे ताप नाहीतर विंचू घेऊन यायची. आता गुडघे आणि साखर घेऊन येतात." मी काय सांगणार? आम्ही देवळात व्हय म्हणून आलो, असं सांगू?

सुनंदा काही दिवस खळ्यात तुळशीभोवती फेऱ्या मारत राहिली. घाण्याच्या बैलासारखं वाटतं म्हणून तिने ते सोडलं. मग एकदा ती हट्टाने, एकटीच, सड्यावरच्या रस्त्याला गेली. उतारावर ट्रक आला, ती कडेला सरली, आणि गटारातल्या फुटक्या चिऱ्याची कपची तिच्या तळव्यात घुसली. साखरेच्या माणसाची जखम कशी असते ते ज्याने घरात पाहिलं आहे त्याला मी सांगायला नको. महिने गेले. ती जखम बाहेरून मिटल्यासारखी दिसे आणि आतून ओली असे. डॉक्टर तळव्यापासून अंगठ्यापर्यंत दाबून बघत, तो काढावा लागतो की काय म्हणून. काचनळीतलं औषध पुन्हा तांबडं होऊ लागलं. एकदा तो रंग बघताना मला वाटलं की हा गडगा कुणीतरी विरघळवून माझ्या घरात आणून ठेवला आहे.

तात्या देवमाणूस आहेत, असं अजूनही म्हणणारे गावात आहेत. असतील. त्यांची कलमं धरली आहेत. सुरंगी त्यांनी तोडलेली नाही. गडग्याच्या आत ती अजून फुलते आणि तिचा वास वाऱ्याबरोबर साकवापर्यंत येतो. जमीन त्यांची होती, हेही मी मान्य करतो. मी व्यापारी आहे, मालकी मला कळते. पण त्या जमिनीवरून चालून जे आमच्या अंगात येत होतं, तो मोकळा श्वास, ते पहाटेचं हसणं, बायकोच्या काचनळीतला तो निळा रंग, ते कुणाच्या मालकीचं होतं? ते ज्याचं त्याच्या पदरात घाल, असं तर देवाला कुणीच सांगितलं नव्हतं.

ह्या आठवड्यात सुनंदाची जखम भरली. डॉक्टरांनी बोटाने दाबून पाहिलं, आणि पहिल्यांदाच हसून म्हणाले, पाय वाचला; आता मऊ, सपाट वाटेने हळूहळू चालायला लागा, नाहीतर पुढच्या खेपेला मी हसणार नाही. आज सकाळी तिने नव्या चपला घातल्या, केस बांधले, आणि बेड्याशी, अंगणाच्या फाटकाशी, येऊन उभी राहिली. डावीकडे गडगा, उजवीकडे सडा. मग माझ्याकडे वळून तिने साध्या आवाजात विचारलं, "अवो, चलू खंय?"

ह्याचं उत्तर मी देणार नाही, कारण तो प्रश्न माझा नाही. तात्या, तो तुमचा आहे. देवाला मधे घेऊ नका, गाऱ्हाण्याच्या सुरात बोलू नका, आणि गाव व्हय म्हणाला हे पुन्हा ऐकवू नका. आमच्या बेड्याशी या, त्या बाईच्या पायांकडे बघा, आणि तिने कुठे चालायचं ते तुमच्या तोंडाने तिला सांगा.