केनियाचे पोलादपुरी वकील

पोलादपूरच्या स्टँडवर महाडच्या शाळेत जायला गाडीची वाट बघताना एक गृहस्थ मला रोज भेटत. जवळच्याच कुठल्याशा वाडीतले. नाव मी कधी विचारलं नाही. हॉटेलातला पेपर ते मोठ्यानं वाचत आणि छत्रीनं बाक ठोकत केनियाच्या स्वातंत्र्याचा खटला चालवत. इंग्लंडच्या राणीला, बिचारीला, याची काहीच कल्पना नसावी.

"राणी ऱ्हाते कुठं, हुकूम चालतो कुठं! तिथल्या मान्सांना आपलं घर चालवता येत नाय काय?" असं ते मलाच दरडावून विचारत, जणू केनिया मीच अडवून धरला होता.

एकदा श्रावणात ते चिंब भिजून आले. हातात छत्री नव्हती.

"देवळाची कौलं फुटली, गुरुजी. छत्री देवीवर बांधून ठेवलीय."

"मग कौलं बदला की."

"असं कसं? आमची पोरं मुंबईला गिरणीत हायत, त्यांचं मंडळ हाय. गावचं समदं तेच ठरवतात. त्यांची चिठ्ठी आल्याबिगर कौलाला हात लावायचा नाय."

"आणि तुम्ही गावात राहणारे?"

"आमाला काय कळतंय त्यातलं?"

पुढच्या वर्षी केनिया स्वतंत्र झाला. त्यांनी स्टँडभर पेढे वाटले आणि आनंदानं बाक ठोकला. हातानंच ठोकला; छत्री अजून देवीकडेच होती.