एका दमात

कॅन्टीनमध्ये महेश माझ्यासमोर, मागच्या टेबलाकडे पाठ करून बसला होता, वडा हातात तसाच होता. त्या टेबलावर कालच्या कबड्डीच्या सामन्याची चर्चा रंगली होती. आमचं कॉलेज हरलं होतं.

"आपल्याकडे चढाईच नाही राव," एकजण म्हणाला. "त्या महेशला सारखं कशाला पाठवतात? दमच नाही त्याच्यात."

"मध्यरेषा ओलांडली की त्याला घर आठवतं," दुसरा म्हणाला. सगळे हसले.

मला फार राग आला. चढाई म्हणजे 'कबड्डी कबड्डी' म्हणत, श्वास न तोडता, सात जणांत एकट्यानं शिरायचं. आणि ही मंडळी प्रत्येक टोमण्यानंतर चहाचा घोट घेत होती. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. वर्गात उत्तर द्यायला उभा राहिलो की मागून असंच हसू येतं आणि माझं वाक्य अर्ध्यावरच तुटतं. दम नसतो असं नाही. समोर सगळे पकडायलाच टपलेले असतात.

मी उठून त्यांच्या टेबलापाशी गेलो. "महेश इथेच, तुमच्याकडे पाठ करून बसलाय, आणि उद्याच्या सामन्यातही चढाईला तोच जाणार आहे, तुमच्यापैकी कुणी नाही."

ते पुन्हा हसले. हसू देत. वाक्य एका दमात निघालं होतं.