बुडत्या आरमाराचा सरदार आणि मी

नोकरी गेल्यानंतरच्या पहिल्याच सोमवारी मी नोकरीवर गेलो. शुगर लँडच्या घरून पाऊण तास गाडी हाकली. गळ्यात टाय, शेजारच्या सीटवर डबा. ह्यूस्टनच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये नेहमीच्या जागी गाडी लावली आणि इंजिन बंद केल्यावर आठवलं, शुक्रवारीच आपल्याला ले-ऑफ केलंय. माझा विसरभोळेपणा घरात प्रसिद्ध आहे, पण इतकी मजल मी आधी मारली नव्हती.

आणि घरात हे कुणालाच माहीत नव्हतं. शुक्रवारी सांगणार होतो, तर मुलीला ताप. शनिवारी पाहुणे. रविवारी हिने माझे पाच शर्ट इस्त्री करून ओळीने टांगले, आणि त्या पाच शर्टांसमोर माझी जीभ उचलेना. आमच्या ग्रीन कार्डाचा अर्ज कंपनीने केलेला. नोकरी गेली की अर्ज गेला, आणि अर्ज गेला की आम्ही गेलो. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला तेलाचे भाव कोसळले होते. समुद्रातल्या तेलविहिरींसाठी तरंगते प्लॅटफॉर्म आखणं हे माझं काम, आणि सगळ्या ह्यूस्टनमध्ये त्या वेळी कुणालाही काहीही तरंगवायचं नव्हतं.

त्या पार्किंगमधून मी सरळ पब्लिक लायब्ररीत गेलो. पुढचे सात आठवडे तीच माझी नोकरी. सकाळी अर्ज लिहायचे, दुपारी गाडीत बसून डबा खायचा. टेक्सासच्या मे महिन्यात डबा वेगळा गरम करावा लागत नाही. एकदा डब्यात हिची चिठ्ठी निघाली, ‘आज मुलीचं शाळेत नाटक आहे, जमलं तर लवकर या.’ मी दुपारी एक वाजतासुद्धा जाऊ शकलो असतो. सहापर्यंत गाडीत बसून राहिलो आणि उशिरा पोचलो, कारण कामात बुडालेला माणूस उशिराच येतो. नाटक संपलं होतं. मुलगी झाडाच्या वेषात शाळेच्या दारात उभी होती. “इट्स ओके, बाबा,” म्हणाली.

दुसऱ्या आठवड्यात लायब्ररीत समोरचं एक वर्तमानपत्र खाली आलं आणि त्यामागून आमच्या महाराष्ट्र मंडळाचा सेक्रेटरी निघाला. हा तेलकंपनीत भूगर्भशास्त्रज्ञ.

“अरे यार, तू इथे?”

“सुट्टी घेतलीय. तू?”

“डेंटिस्टकडे आलो होतो.”

दुसऱ्या दिवशी मला पुन्हा सुट्टी आणि त्याला पुन्हा डेंटिस्ट. तिसऱ्या दिवसापासून आम्ही एकमेकांची चौकशी बंद केली. आमच्या मंडळात तेव्हा कुणाचीच नोकरी गेलेली नव्हती. सगळे ‘कन्सल्टिंग करतोय’ म्हणत होते.

अर्ज लिहून झाले की मी एक पुस्तक वाचत बसायचो, जुन्या व्हेनिसच्या आरमाराचं. त्यातल्या शेवटच्या मोठ्या सेनानीवर माझा जीव जडला होता. खानदानी सरदार घराणं, पोरवयात जहाजावर चढलेला. ज्या प्रजासत्ताकाने शेकडो वर्षं समुद्र गाजवला ते आता खंगलेलं. व्यापार दुसऱ्यांनी नेलेला, गोदीत माणसं नुसती हजेरी लावणारी, आणि बाकीचे सरदार मुखवटे घालून नाचण्यात दंग. हा मात्र मोडक्या जहाजांची डागडुजी करून मोहिमांवर जायचा. एका वादळाने त्याची जहाजं गिळली, तरी पुन्हा गेला. किनाऱ्यालगत पाणी उथळ, मोठी जहाजं आत जाईनात, तर या गृहस्थाने तराफे बांधून त्यांवर तोफा चढवल्या. म्हणजे तरंगते प्लॅटफॉर्म! मी लायब्ररीतच पेन्सिल काढून त्यांच्या तोलाचं गणित मांडलं. बरोबर यायला लागलं तेव्हा डोळे भरून आले. शेवटी तो घरापासून दूर, आजारी पडून गेला, आणि थोड्याच वर्षांत ते प्रजासत्ताकही गेलं, धड लढाईसुद्धा न करता.

“मंडळात यावर बोल ना,” माझ्या हातातलं पुस्तक बघून सेक्रेटरी म्हणाला. “पुढच्या शनिवारी वक्ता नाहीये. वक्त्याने कॅन्सल केलं.”

शाळेच्या हॉलमध्ये, श्रीखंड-पुरीनंतर, चाळीसेक माणसांपुढे मी बोललो. बरं बोललो. ही दुसऱ्या रांगेत, मुलीला मांडीवर घेऊन. शेवटी एका डॉक्टर काकूंनी विचारलं, “पण राज्य बुडतंय हे त्याला दिसत नव्हतं का हो? मग रोज तो गणवेश चढवून जायचा कशाला?”

“घरी काय सांगणार, काकू?” मी म्हणालो. “सकाळी टाय बांधून निघायची सवय असते. लायब्ररीत निदान एसी तरी असतो.”

“व्हेनिसला एसी?” मागून कुणीतरी ओरडलं आणि हॉल हसला.

मीही हसायला हवं होतं. तेवढ्यावर सुटलो असतो. पण माझी नजर दुसऱ्या रांगेकडे गेली. ही हसत नव्हती.

“सात आठवडे झाले,” मी म्हणालो. “मला ले-ऑफ केलंय.”

सेक्रेटरी पहिल्या रांगेतून उठला आणि चहा झाला का बघायला गेला. तो परत आलाच नाही. बाकीच्यांनी बशा गोळा करायला घेतल्या, इतक्या नीट, की एकीचाही आवाज झाला नाही.

गाडीत मुलगी मागे झोपली. फ्रीवेवर मी व्हिसाचं सांगायला लागलो, मग थांबलो. घराच्या ड्राइव्हवेत गाडी उभी केली तरी ही उतरेना.

“परत जावं लागेल?” तिने विचारलं.

“बहुतेक.”

“कधी?”

“माहीत नाही.”

तिने दार उघडलं, एक पाय बाहेर ठेवला आणि तशीच बसून राहिली.

“कळेल तेव्हा मला सांगा,” ती म्हणाली. “त्यासाठी चाळीस माणसं जमवू नका. मी एकटी पुरे.”