ताउनोने चोथा ढवळू दिला

ताउनो अंघोळीच्या पाण्याची साहती करतो, असं आमच्या गावात सगळे छातीठोकपणे सांगतात. साहती म्हणजे आमची घरगुती बिअर. ताउनोची तर पंचक्रोशीत एक नंबर, त्यामुळे सांगणारे आधी नाक मुरडतात आणि मग पेला पुढे करतात.

खरं एवढंच, की पाणी तापवायचा मोठा हंडा त्याच्या सॉनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, बसवलाय. साहतीच्या दिवशी तिथे अंघोळीला माणूस सोडा, माशीसुद्धा शिरू शकत नाही. पण हा खुलासा ताउनो कसा करणार? तो बोलतच नाही. बायकोला नाकातून "हं", पोस्टमनला घशातून "हं", आणि हेलसिंकीच्या होऊ घातलेल्या जावयाला, रास्मुसला, नुसती भुवई.

लेकीचं, इन्काचं, लग्न जूनच्या सणाला ठरलं. लग्नाची साहती सासऱ्या-जावयाने मिळून करायची, असा तिने हुकूम काढला. "भांडलात तर पाहुण्यांना ताक पाजीन!"

भांडण चोथा कसा धुवायचा यावरून होतं. भिजवलेल्या माल्टमधला, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यातला, गोड रस निथळला, तरी चोथ्यात बराच गोडवा अडकून राहतो. तो गरम पाण्याने काढून घ्यायचा. ताउनोची रीत आजोबांपासूनची: ओंडका कोरून केलेली डोणी, तळाशी पेंढा आणि जुनिपरच्या झुडपाच्या फांद्या, आणि वरून ओगराळ्या-ओगराळ्याने पाणी, चोथ्याला झोपेतून न उठवता. डोणीजवळ बोलायचं नाही, रस रुसतो. रास्मुसची रीत म्हणजे सगळं पाणी एकदम ओता, ढवळा, बसू द्या, सोडा.

"सासरेबुवा, जेवायच्या आत मोकळे!"

भुवई वर गेली.

"मोकळा होऊन तो करणार काय?" ताउनोची बायको हिल्का म्हणाली. "घरात येऊन बसेल. राहू दे त्याला तिथेच."

झालं, ओगराळं जिंकलं. पण लेकीचं लग्न! ताउनोने हात सैल सोडून राय, गव्हासारखं ते धान्य, जास्त घातली. आमच्याकडे साहतीत राय कमी घालणारा तो कंजूष. आता रायला टरफल नसतं, भिजली की तिची खळ होते. डोणीच्या तोंडाची धार बारीक झाली, मग थेंब, मग तेही नाही.

ताउनो अंगणातल्या डोणीकडे बघत बसला. चोथा गार झाला तर आंबट होणार, आणि सणाआधी दुसरी साहती मुरायला वेळच उरला नव्हता. इन्का आली, डोणी बघितली, बाप बघितला.

"बाबा, ताक सांगून ठेवू?"

रास्मुस ओठ मिटून उभा. बोलायचं नाही म्हणून नुसताच लाल होत चाललेला.

मी शेजारची, कुंपणाला टेकून हिल्काच्या कानात कुजबुजले, "हा माणूस मरेल, पण चोथा ढवळू देणार नाही."

ताउनो वळला. "पैज?"

डोणीजवळ, आणि तोंडातून अख्खा शब्द! हिल्काच्या हातातलं फडकं पडलं.

"लावली!" मी म्हणाले.

"हरेल त्यानं लग्नात वधूपित्याचं भाषण करायचं," हिल्का म्हणाली. ताउनो पांढरा पडला. हरला असता तर ते त्यालाच करावं लागलं असतं.

तो उठला. लाकडी वल्हं उचललं, आजोबांची क्षमा मागावी तसं डोणीच्या कडेवर क्षणभर टेकवलं, आणि रास्मुसच्या हातात दिलं.

"ढवळ."

हंड्यातलं पाणी एकदम ओतलं गेलं. रास्मुस ढवळत होता, रायची खळ सुटत होती, ताउनो डोळे मिटून उभा, दाढ काढून घेतल्यासारखा. मग सगळे चोथा खाली बसायची वाट बघत राहिले. बूच सैल केलं. आधी गढूळ आलं, ते रास्मुसने हलकेच परत वर ओतलं. आणि मग काकवीसारखी तपकिरी, नितळ धार लागली.

ताउनोने बोट बुडवून चाटलं. "हं."

"म्हणजे काय?" रास्मुसने घाबरून मला विचारलं.

"पास झालास."

लग्नात भाषणाला उभी राहिले मी. ताउनोचाच आवाज लावला, भुवईही त्याचीच घेतली, आणि लेक जाते तेव्हा घर कसं वाटतं ते "हं" "हं" करत सांगितलं. आधी लोक हसून लोळले. मग इन्का रडायला लागली. ताउनोने जावयाचा पेला काठोकाठ भरला आणि म्हणाला,

"बरं बोललो मी."